पाणी आत जातं सुरळीत, बाहेर येताना अडतं: घरच्या पीडीतला वारंवारचा त्रास

घरी पेरिटोनियल डायलिसिस (पीडी, म्हणजे किडनी निकामी झाल्यावर पोटात बसवलेल्या नळीतून पाणी भरून, काही तासांनी ते काढून रक्त स्वच्छ करणं) करणाऱ्या लोकांचं इन्फेक्शनच्या भीतीखालोखाल सगळ्यात जास्त डोकं कशाने खाल्लं जात असेल, तर ते अडलेल्या ड्रेनने, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर येताना अडण्याने. बॅग जोडली, क्लॅम्प उघडला, आधी चांगली धार आली आणि मग थेंब थेंब. एरवी वीस मिनिटांत आटोपणारं काम पाऊण तासावर जातं. पेशंट वैतागतो, घरचे घाबरतात. दोन दिवसांनी आपोआप सुरळीत झालं की सगळे विसरून जातात, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच.

माझे सासरे सीएपीडीवर, म्हणजे मशीनशिवाय हाताने करायच्या पीडीवर आहेत. दिवसाला चार एक्सचेंज (जुनं पाणी काढून नवं भरणं), दोन-दोन लिटरच्या बॅगा. बहुतेक एक्सचेंज मीच करते. हा त्रास आमच्याकडे उन्हाळ्यात हमखास डोकं वर काढतो, आणि नागपूरचा उन्हाळा म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. खाली लिहिलंय ते त्या अनुभवातून आणि आमच्या पीडी नर्सने वेळोवेळी समजावलेल्यातून. औषधांचे डोस लिहिणार नाही, ते तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टचं, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांचं काम.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पुन्हा पुन्हा अडणाऱ्या ड्रेनमध्ये बहुतेक वेळा नळी बिघडलेली नसते, आतडं भरलेलं असतं. पण तिथवर पोचायच्या आधी दोन-तीन शक्यता तपासून बाजूला काढाव्या लागतात. त्यातली पहिली अशी आहे, की ती खरी निघाली तर हे वाचणं तिथेच सोडा आणि फोन उचला.

आधी पाण्याचा रंग, मग घड्याळ

निघालेल्या पाण्याची बॅग उजेडात धरा, नाहीतर वर्तमानपत्रावर ठेवून तिच्या आरपार अक्षरं वाचून बघा. पाणी फिकट पिवळं आणि अक्षरं स्वच्छ दिसत असतील तर पुढे चला. पाणी गढूळ असेल, अक्षरं धूसर होत असतील, तर ते पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या पडद्याचं इन्फेक्शन आहे असंच धरायचं. पोटात दुखत नाहीये, ताप नाही, म्हणून सकाळपर्यंत थांबू, असं करायचं नाही. काही जणांना आधी फक्त गढूळपणाच दिसतो, दुखणं नंतर येतं.

गढूळ बॅग फेकू नका, क्लॅम्प लावून सोबत घेऊन जा. तपासणीत पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात. एका मायक्रोलिटरमध्ये १०० पेक्षा जास्त आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असल्या तर निदान जवळपास पक्कं होतं. नेमका जंतू कोणता हे कल्चरवर कळतं, आणि कल्चरचं सँपल अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी गेलेलं बरं. रात्री कॅज्युअल्टीत जावं लागलं तर तिथल्या ड्युटी डॉक्टरने पीडीचा पेशंट रोज बघितलेला असेलच असं नाही. हिमोडायलिसिसवाले, म्हणजे मशीनने रक्त शुद्ध करून घेणारे, सगळीकडे आहेत, आपण मोजके. म्हणून तुम्हीच स्पष्ट सांगा: पीडी फ्लुइडचा सेल काउंट आणि कल्चर. आमच्या फाइलच्या पहिल्याच पानावर हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, त्याखाली युनिटचा, म्हणजे हॉस्पिटलच्या पीडी विभागाचा नंबर.

पाण्यात पांढरे बारीक धागे तरंगत असतील पण धाग्यांमधलं पाणी स्वच्छ असेल, तर तो फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना बनतं तसलं प्रथिन. त्याबद्दल पुढे येईलच. बीपीच्या काही गोळ्यांनीही पाणी दुधाळ होऊ शकतं, पण ते ठरवायचं लॅबने, आपण घरी बसून नाही. लालसर झाक दिसली, तरीही फोन करा.

हळू येतंय की कमी येतंय?

या दोन तक्रारी लोक एकाच दमात सांगतात आणि इथेच अर्धा गोंधळ होतो. एकाचं पाणी पंधरा मिनिटांत सगळं निघतं, पण दोन लिटर टाकले आणि दोन लिटरच निघाले, वर काही नाही. दुसऱ्याचं पाणी आत आहे, पण बाहेर यायला वाट सापडत नाही. पहिल्याचा प्रश्न पाणी ओढण्याचा, म्हणजे युएफचा (अल्ट्राफिल्ट्रेशनचा) आहे. दुसऱ्याचा प्रश्न वाटेचा आहे. उपाय एकदम वेगळे.

युएफ कमी असण्याची कारणं पोटातल्या नळीशी बरेचदा संबंधित नसतातच. बॅगेतली साखर पाणी ओढते. पाणी आत जास्त वेळ राहिलं की ती साखर शरीरात शोषली जाते आणि पुढे ओढलेलं पाणीही हळूहळू परत जायला लागतं. दीड टक्का साखरेची बॅग रात्री दहाला भरली आणि सकाळी आठला काढली, तर पाणी कमीच निघणार. लांब मुक्कामासाठी डॉक्टर आयकोडेक्स्ट्रिनची (हळूहळू शोषल्या जाणाऱ्या पिष्टाची) बॅग देतात ती त्यासाठीच. डायबेटिस असेल आणि रक्तातली साखर चढलेली असेल, तर बॅगेतल्या साखरेचा जोर कमी पडतो. पेशंटला अजून लघवी होत असेल आणि ती अलीकडे कमी झाली असेल, तर वजन त्यानेही वाढतं. आणि रविवारी सावजी रस्सा ओरपून सोमवारी पायावर सूज आली, तर बिचाऱ्या कॅथेटरला (पोटात बसवलेल्या नळीला) दोष देऊ नका. मिठाने तहान, तहानेने पाणी.

आयकोडेक्स्ट्रिनचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. ही बॅग वापरणाऱ्यांच्या रक्तात माल्टोज वाढतं, आणि शुगर मोजायच्या काही मशीनच्या पट्ट्या त्याला ग्लुकोज समजून आकडा खोटाच वाढवून दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आपल्या मशीनची पट्टी चालते की नाही, हे युनिटला विचारून घ्या.

मोजमापाचंही एक आहे. ताणकाट्यावर बॅग वजन करताना लक्षात ठेवा की भरलेल्या बॅगेत लेबलवरच्या दोन लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी असतं, आणि सुरुवातीला नळी धुवायला जे पाणी सोडतो तेही ड्रेन बॅगेतच जाऊन पडतं. म्हणजे ड्रेन बॅगेचं वजन मुळातच थोडं फुगलेलं येतं. मोजायची पद्धत रोज एकच ठेवा. आज रिकाम्या बॅगेचं वजन वजा केलं आणि उद्या नाही केलं, तर वहीतला युएफ हा निव्वळ विनोद आहे.

पाणी कमी येतंय, वजन वाढतंय आणि सोबत पोटाची एक बाजू, मांडी किंवा पुरुषांमध्ये अंडकोशाची पिशवी सुजली असेल, तर पाणी पोटाच्या पडद्याबाहेर झिरपत असण्याची शक्यता असते. धाप लागत असेल तर छातीकडे. दोन्हींत घरचे उपाय चालत नाहीत, त्याच दिवशी दाखवा.

आता खरी अडवणूक: भरताना कसं जातंय ते सांगा

आमची नर्स फोनवर हाच प्रश्न पहिला विचारते. भरायलाही वेळ लागतोय का, की फक्त काढताना?

दोन्हीकडे अडत असेल, तर बहुधा नळी कुठेतरी दबलीय किंवा तिच्यात काहीतरी अडकलंय. बॅगेकडून पोटाकडे एकेक गोष्ट बोटाने चाचपत या. बॅगेतली तोडायची पिन अर्धवटच तुटली आहे का? क्लॅम्प पूर्ण उघडा आहे का? ट्रान्सफर सेटचं (कॅथेटरच्या बाहेरच्या टोकाला जोडलेल्या छोट्या नळीचं) फिरकीचं बटण शेवटपर्यंत फिरवलंय का? नळी पेशंटच्या मांडीखाली, खुर्चीच्या हाताखाली किंवा पायजम्याच्या नाडीत दबली नाही ना? नाडीचं हसू येईल, पण सासरे नाडी बेंबीखाली घट्ट बांधतात आणि कॅथेटर नेमकं तिथूनच खाली वळतं. ड्रेसिंगखाली नळी दुमडलेली असते हेही पुष्कळदा घडतं, विशेषतः नवीन माणसाने ड्रेसिंग केलं की.

भरताना धो धो जातं आणि फक्त काढताना अडतं, तर नळी मोकळी आहे. पोटाच्या आत काहीतरी तिच्या भोकांवर येऊन बसतंय. भरताना पाण्याचा जोर त्याला बाजूला सारतो, काढताना ओढ लागली की ते पुन्हा चिकटतं. वारंवारच्या तक्रारींत हाच प्रकार जास्त, आणि आतड्याचा मुद्दा इथेच येतो.

पण त्याआधी दोन सोप्या गोष्टी. पहिली, उंची. ड्रेन हा मोटरने होत नाही. कूलरची टाकी रिकामी करायला आपण नळी टाकून पाणी खाली सोडतो, तोच प्रकार आहे. पोट वर आणि ड्रेन बॅग पुरेशी खाली नसेल, तर ओढ लागणारच कशी? जमिनीवर गादी टाकून बसायची सवय असलेल्या म्हाताऱ्या माणसांचा ड्रेन त्यामुळेच रेंगाळतो. दिवाण नाहीतर खुर्ची, आणि बॅग फरशीवर स्वच्छ प्लास्टिकवर. पाणी थांबलं की पेशंटला उठून उभं राहायला सांगा, खोकायला सांगा, या कुशीवरून त्या कुशीवर वळवा. कुठल्या स्थितीत धार वाढते ते एकदा कळलं की पुढच्या वेळी आधी तिथूनच सुरुवात करायची.

दुसरी, लघवीची पिशवी. ड्रेन सुरू करायच्या आधी लघवी करून या. कॅथेटरचं टोक ओटीपोटात अगदी तळाशी असतं आणि भरलेलं मूत्राशय त्याच्यावर दाब देतं. ज्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे किंवा जुना डायबेटिस आहे, त्यांचं मूत्राशय जाऊन आल्यावरही पूर्ण रिकामं होत नाही. शंका असेल तर सोनोग्राफीत ते मोजता येतं, डॉक्टरांना विचारा.

आतडं

ओटीपोटात कॅथेटरच्या टोकाचे शेजारी कोण, तर मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग आणि गुदाशय. ते मळाने भरले की नळीची भोकं दाबतात, कधी नळीचं टोकच ढकलून वर सरकवतात. म्हणून बद्धकोष्ठ ही पीडीच्या पेशंटसाठी नुसती गैरसोय राहत नाही. साचलेल्या मळामुळे आतड्यातले जंतू पोटाच्या पोकळीत शिरण्याचा धोकाही वाढतो, म्हणून पेरिटोनायटिस टाळण्यासाठीसुद्धा पोट साफ ठेवायला सांगतात.

आणि कारणं तर रांगेत उभी. फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या, मग त्या कॅल्शियमच्या असोत की सेवेलामर, पोट घट्ट करतात. लोहाच्या गोळ्याही तेच करतात. पाणी मोजून प्यायचं. पालेभाज्या, फळं, डाळी यांच्यावर कधीकाळी हिमोडायलिसिसच्या वेळी घातलेली बंधनं घरात अजून चालूच असतात, म्हणून चोथा कमी. पीडीत पोटॅशियम रोज बाहेर जातं, ते फार कमी झालं तर आतड्याची हालचाल मंदावते. यात मे महिना धरा. सकाळी सातलाच ऊन असं की फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर चक्कर मारणं बंद, माणूस दिवसभर कूलरसमोर आडवा. घामाने अंगातलं पाणी जातं, प्यायचं मात्र तेवढंच, मग आतडं मळातलं उरलंसुरलं पाणीही शोषून घेतं. आमच्याकडे एप्रिल संपता संपता वहीत ड्रेनची वेळ वाढायला लागते ती उगीच नाही.

विचारलं तर पेशंट म्हणणार, रोज होतं. यावर विश्वास ठेवू नका. रोज होणं आणि पोट साफ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज कडक खडे पडत असतील, जोर करावा लागत असेल, तर मागे भरपूर साठलेलं असू शकतं. आता सासऱ्यांना सुनेने हे रोज विचारायचं म्हणजे दोघांनाही अवघड. मी वहीत एक रकाना आखला आणि पेन्सिल दोरीने वहीला बांधली. साफ झालं तर बरोबरची खूण, नाही तर फुली, कडक असेल तर टिंब. तो रकाना बाबा स्वतः भरतात, मला विचारावं लागत नाही. त्या रकान्याशेजारीच ड्रेनला लागलेली मिनिटं लिहिते. दोन फुल्या लागोपाठ आल्या की तिसऱ्या दिवशी मिनिटं वाढतात, हे त्या वहीनेच दाखवलं.

उपायांबाबत शेजारपाजारचे सगळे वैद्य होतात. इसबगोल घ्या म्हणतात. इसबगोलला भरपूर पाणी लागतं, आणि पाण्यावर बंधन असलेल्या माणसाच्या पोटात तो फुगून उलट अडू शकतो. मिल्क ऑफ मॅग्नेशियासारखी मॅग्नेशियमची औषधं नकोत, निकामी किडनी मॅग्नेशियम बाहेर टाकू शकत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे फॉस्फेटचे तयार एनिमा त्याच कारणाने नकोत, तिथे फॉस्फरस चढतो. घटक न लिहिलेली चूर्णं तर नकोतच. डॉक्टर बहुतेक वेळा लॅक्ट्युलोजचं सिरप किंवा बिसाकोडिलसारखी गोळी देतात. लॅक्ट्युलोजला दिवस-दोन दिवस लागतात आणि सुरुवातीला पोटात गुडगुड होते, गॅस होतो. त्या गुडगुडीला घाबरून बाटली कपाटात गेली, की पहिले पाढे पंचावन्न.

हा त्रास पुन्हा पुन्हा का येतो, त्याचं उत्तर मला इथेच दिसतं. औषध सुरू होतं, पोट साफ होतं, ड्रेन मोकळा होतो, आणि आता बरं वाटतंय म्हणून औषध बंद होतं. गोळ्या त्याच, पाणी तेवढंच, ऊन तसंच, मग आतडं पुन्हा भरणारच. बीपीची गोळी बीपी नॉर्मल आल्यावर आपण सोडतो का? डॉक्टरांना थेट विचारा की हे रोजचं ठेवायचं का, आणि किती जुलाब झाले तर कमी करायचं. रोज एक-दोनदा मऊ शौचाला होणं हवं. पाण्यासारखं होत असेल तर तेही कळवा, पोटॅशियम आणखी घसरू शकतं.

खाण्यात चोथा वाढवायचाच, पण रिपोर्ट हातात घेऊन. संत्र्याच्या गावात राहून संत्रं खायचं नाही हे ज्यांना सांगितलं गेलंय, त्यांनी पीडी सुरू झाल्यावर पुन्हा एकदा विचारावं. पीडीच्या बऱ्याच पेशंटचं पोटॅशियम वाढण्याऐवजी कमीच असतं, तेव्हा डायटिशियन फळांची मुभा देतात. रस नको, अख्खं फळ, सालीच्या आतल्या दोऱ्यांसकट. पण तुमचा आकडा वाढलेला असेल तर हे तुमच्यासाठी नाही.

कूलर बंद, खोली बंद, आणि घाई

उन्हाळ्यातलं आणखी एक कारण आहे, ते कुणी मोकळेपणाने कबूल करत नाही. एक्सचेंजच्या वेळी पंखा-कूलर बंद, दारं-खिडक्या बंद, तोंडाला मास्क. बाहेर ४४-४५ अंश. दहा मिनिटांत पेशंट आणि करणारा दोघेही घामाने निथळतात, आणि धार बारीक झाली की दोघेही म्हणतात, झालं, लाव क्लॅम्प. दोनशे-तीनशे मिलीलिटर आत राहतं. पुढच्या वेळी त्यावर पुन्हा दोन लिटर. ड्रेन अडलेलाच नसतो, तो अर्ध्यावर सोडलेला असतो.

यावर आम्ही वेळाच बदलल्या. दुपारचं एक्सचेंज अडीचऐवजी बाराच्या आत, संध्याकाळचं ऊन उतरल्यावर. दोन्हींमधलं अंतर किती चालेल, हे युनिटला विचारूनच. एक्सचेंजआधी अर्धा तास कूलर लावून खोली गार करायची, मग तो बंद करून हवा स्थिर होऊ द्यायची, मग हात धुवायचे. जोडताना आणि काढताना वारा नकोच, यात सूट नाही. कूलरच्या टाकीतल्या साचलेल्या पाण्यात जंतू भरपूर असतात आणि त्याचे तुषार थेट नळीच्या तोंडावर येऊ नयेत. मधल्या वेळात, सगळं बंदिस्त जोडलेलं असताना मंद पंखा चालेल का, हे प्रत्येक युनिट वेगळं सांगतं. तुमच्या युनिटचं ऐका. एसी असेल तर त्याचा झोत एक्सचेंजच्या जागेवर नको.

दिवसाला चार म्हणजे महिन्याला १२० बॅगांची खोकी घरात असतात. ती पत्र्याच्या शेडखाली किंवा गच्चीवरच्या खोलीत ठेवू नका, लेबलवर साठवणीचं तापमान लिहिलेलं असतं. थंडीत उलट होतं. गार पाणी भरलं की पोटात कळ येते. बॅग कोरड्या उष्णतेने कोमट करायची, हीटिंग पॅडने वगैरे. गरम पाण्यात बुडवायची नाही आणि मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नाही.

धागे दिसले तर

फायब्रिनचे एक-दोन धागे कधीमधी दिसतात, घाबरायचं कारण नाही. पण ते वाढले, गुठळ्या दिसायला लागल्या आणि भरणं-काढणं दोन्ही मंदावलं, तर ते नळीत अडकू शकतात. डॉक्टर बॅगेत हेपारिन (गुठळ्या होऊ न देणारं औषध) घालायला सांगतात. ते किती, कसं, किती दिवस, हे त्यांनी सांगायचं आणि बॅगेत सुई घालायची पद्धत नर्सने दाखवायची. पेरिटोनायटिस होऊन गेल्यावर धागे वाढतात, तेव्हा काही दिवस जास्त लक्ष ठेवा. सिरिंज लावून जोराने पाणी मारून नळी मोकळी करणं किंवा ओढून काढणं घरी करायचं नाही. कुणीतरी व्हिडिओत दाखवलं असेल, तरी नाही. युनिटमध्ये ते निर्जंतुक पद्धतीने करतात. जोडणी उघडून पुन्हा लावून बघू, हाही प्रयोग नको. चुकून उघडली किंवा टोक कुठे टेकलं, तर क्लॅम्प बंद, नवी टोपी, आणि न भरता युनिटला फोन.

घरात हमखास सुचणारे दोन उपाय, जे करायचे नाहीत

पहिला, जास्त टक्क्याची बॅग. पाणी नीट निघत नाही, वजन वाढलंय, मग अडीचऐवजी सव्वाचारची लावू. वाट अडली असताना जास्त साखरेची बॅग पोटात आणखी पाणी ओढून आणते आणि तेही आतच अडकतं. वरून साखर वाढते ती वेगळीच. टक्केवारी बदलायचा निर्णय युएफच्या प्रश्नासाठी असतो, वाटेच्या प्रश्नासाठी नाही. बॅगेच्या टोपीचा रंग बघून टक्केवारी ठरवू नका, कंपनी बदलली की रंगही बदलू शकतो, छापलेला आकडा वाचा.

दुसरा, न निघालेल्या पाण्यावर नवीन बॅग भरणं. काहीच निघालं नाही किंवा अर्ध्याहून कमी निघालं, तर वर दोन लिटर भरू नका. पोट ताणलं की धाप लागते, हर्निया होऊ शकतो, पाणी झिरपायला लागतं. किती मिलीलिटर कमी आलं तर भरायचं नाही, हा आकडा युनिटकडून एकदा लिहून घ्या आणि एक्सचेंजच्या भिंतीवर चिकटवा.

सायकलरवाल्यांनाही, म्हणजे रात्री मशीनने पीडी करणाऱ्यांनाही, हेच लागू. रात्री ड्रेन कमी असल्याचा अलार्म वाजतो, झोपेत कुणीतरी बायपासचं बटण दाबतं, मशीन पुढचं भरायला लागतं. एकदा-दोनदा असं झालं की पहाटे पोट टम्म. आधी दिवा लावून नळी अंगाखाली दबली आहे का बघा, पेशंटला कुशीवर वळवा, उठवून बसवा. मशीन पलंगाच्या तुलनेत कुठल्या उंचीवर हवं, ते बसवणाऱ्याने सांगितलेलं असतं. घरात पलंग बदलला की ते विसरलं जातं.

एवढं करूनही अडत असेल तर

पोट साफ झालंय, मूत्राशय रिकामं आहे, उंची बरोबर आहे, धागे नाहीत, तरी दोन-तीन दिवस ड्रेन मंदच आहे, तर पोटाचा साधा एक्स-रे लागतो. कॅथेटरवर एक रेघ असते ती एक्स-रेत दिसते, म्हणून टोक ओटीपोटात आहे की वर सरकलंय हे लगेच कळतं. गंमत म्हणजे त्याच फिल्मवर आतड्यात साठलेला मळही दिसतो, आणि रोज होतं म्हणणाऱ्या पेशंटचं पितळ तिथे उघडं पडतं. एक्स-रे धंतोलीतल्या खासगी सेंटरात काढा की सरकारी मेडिकल कॉलेजला, फिल्म किंवा सीडी मागून घ्या आणि जुन्या फिल्मशी ताडून बघायला सांगा. कॅथेटर टाकल्यानंतर काढलेला पहिला एक्स-रे जपून ठेवलेला असेल तर फार उपयोग होतो.

युनिटला फोन करताना एवढं हाताशी असू द्या: त्रास कधीपासून, भरायला किती मिनिटं, काढायला किती, मागच्या तीन-चार एक्सचेंजमध्ये किती टाकलं आणि किती निघालं, पाण्याचा रंग, आजचं वजन आणि बीपी, शौचाला शेवटचं नीट कधी झालं, आणि हल्ली कुठली नवी गोळी सुरू झाली.

टोक वर सरकलं असेल तरी लगेच ऑपरेशन होत नाही. पुष्कळदा जोरदार पोटसफाई आणि चालण्या-फिरण्याने, जमत असेल त्याला जिने चढ-उताराने, ते पुन्हा खाली येतं. नाही आलं तर एक्स-रेखाली तार घालून सरळ करतात, नाहीतर दुर्बिणीने बघतात. आतड्यावरचा चरबीचा पडदा, ज्याला डॉक्टर ओमेंटम म्हणतात, तो नळीला गुंडाळला असेल तर दुर्बिणीनेच सोडवावा लागतो आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून वर टाचून ठेवतात. त्यानंतर काही दिवस कमी पाणी, तेही आडवं झोपूनच भरायला सांगतात, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. मधल्या काळात गरज पडली तर थोडे दिवस हिमोडायलिसिस करावं लागू शकतं. त्याची तयारी मानेतल्या नळीने होणार की कशी, हे ऑपरेशनच्या तारखेबरोबरच विचारून ठेवा.